‘आठ दिवस सांगून 21 दिवस लावले’ या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार भाऊ. एक स्टार देऊन तुम्ही लिहिलं, की खराब डिस्कमधून व्हिडिओ काढून द्यायला आठ दिवस सांगून 21 दिवस लावले, मजुरी पूर्ण घेतली, तरी लग्नांचे 41 व्हिडिओ उघडत नाहीत. दिवसांची तक्रार खरी आहे. डिस्क तपासायच्या आधीच मी आठ दिवसांचा शब्द दिला, नंतर फोनही केला नाही. पुलगावहून आर्वीला तुम्हाला तीन चकरा पडल्या. चूक माझी, माफी मागतो.

पण काम का लांबलं ते सांगतो. तुमच्या पूलमध्ये, म्हणजे डिस्क जोडून केलेल्या एका साठ्यात, जुन्या सीसीटीव्हीतून काढलेल्या चार डिस्क झेडएफएस या साठवण पद्धतीच्या रेडझेड-1 रचनेत होत्या. त्यात एक डिस्क गेली तर चालतं, दुसरी गेली की पूल बसतो. पहिली एप्रिलमध्ये बंद पडली, लग्नसराईत तुम्ही तसंच काम रेटलं, आणि मेमध्ये दुसरीचे सेक्टर, म्हणजे डेटा ठेवायचे छोटे कप्पे, जाऊ लागले. अशा वेळी नवी डिस्क लावून रिसिल्व्हर, म्हणजे बाकीच्या डिस्क वाचून नवीवर डेटा पुन्हा भरणं, चालवला असता, तर दुसरी मधेच गेली असती असं माझं मत आहे. म्हणून आधी डीडीरेस्क्यू या खराब डिस्क वाचायच्या सॉफ्टवेअरने तिची नक्कल काढली. ते चांगला भाग आधी वाचून घेतं, खराब जागांवर शेवटी पुन्हा पुन्हा प्रयत्न करतं. कुठपर्यंत वाचलं ते मॅप फाइलमध्ये राहतं, त्यामुळे लाइन गेली तरी पहिल्यापासून लागावं लागत नाही. मेच्या दुपारी डिस्क फार तापायची, म्हणून खराब भाग फक्त रात्री वाचला. त्यातच 13 दिवस गेले. मग नक्कल लावून पूल फक्त वाचण्यापुरता उघडला, त्यावर काहीच लिहिलं नाही.

नावं दिसतात तर व्हिडिओ का उघडत नाहीत, हे तुम्ही दुकानात विचारलं होतं. झेडएफएस फाइलींच्या नावापत्त्यांच्या जादा प्रती ठेवतं, म्हणून नावं वाचली. आतल्या व्हिडिओला मात्र पॅरिटीचाच, म्हणजे हरवलेला तुकडा पुन्हा तयार करायला ठेवलेल्या जादा माहितीचाच, आधार, आणि तो पहिल्या डिस्कसोबतच संपला होता. दुसरीवरचा जो सेक्टर वाचला नाही, तो पुन्हा तयार करायला काही उरलंच नाही. ज्या घरचं लग्न आहे त्यांना ते परत शूट करता येत नाही, याची मलाही हळहळ आहे.

त्या 41 मधले 26 व्हिडिओ पहिली डिस्क बंद पडायच्या आधीचे आहेत. त्यांचे तुकडे तिच्यावर असणार. ती मी उघडली नाही, कारण तिचं हेड, म्हणजे डेटा वाचणारा आतला भाग, बदलणं धूळ नसलेल्या क्लीन रूममध्येच करावं लागतं, आणि ती माझ्याकडे नाही. तशा लॅबला पाठवायची असेल तर सगळ्या नकला सोबत फुकट देतो. उरलेल्या 15 व्हिडिओंची कॅमेऱ्याची कार्डं कुठं असतील ती आजच शोधा. त्यांवर नवीन शूटिंग करू नका, फॉरमॅट केली असली तरी तशीच घेऊन या.

मजुरी मी परत करणार नाही, ते काम झालेलं आहे. कार्डांच्या कामाचा मात्र एक रुपयाही घेणार नाही. नकला दिवाळीपर्यंत माझ्याकडे जपून राहतील.