शेवटावरून जुंपली

कथास्पर्धेचा निकाल सगळ्यांनी वाचलाच होता. पहिल्या नंबराची कथा ‘आणि मला जाग आली’वर संपते, म्हणून वैशाली कट्ट्यावर आली तीच तणतणत. "सहा पानं आईच्या मरणाने रडवायचं आणि शेवटी स्वप्न? वाचकाला फसवलं सरळसरळ!"

बंड्याला पोह्यातसुद्धा रहस्य लागतं. तो लगेच उसळला, "कलाटणी हवीच! कथाकार ना. सी. फडके काय उगाच कथेचं तंत्र तंत्र करत होते?"

वैशाली म्हणाली, "मग त्या फ्रेंच मोपासाँची हाराची कथा घे. १८८४ ची. मातिल्द उसना हार हरवते, छत्तीस हजार फ्रँकचा तसाच दुसरा घेऊन परत करते. ते कर्ज फेडायला दहा वर्षं खरकटी भांडी घासते, दर मजल्यावर दम खात पाणी वर नेते. शेवटी मैत्रीण सांगते, माझा हार खोटा होता, फार तर पाचशेचा."

"मग? मातिल्द काय म्हणते?"

"काही नाही. कथा तिथेच संपते. ते पाणी आपणही वाहिलेलं असतं, म्हणून धक्का बसतो. मधली दहा वर्षं काढून टाक, नुसता चुटका उरेल."

मला हे सोळा आणे पटलं. कलाटणीची किंमत आधीच्या पानांत मोजलेली असावी लागते.

नाना घसा खाकरून म्हणाले, "माझ्या मते शेवट वाचकावर सोडावा."

"नाना, तुम्ही चहाचं बिलही वाचकांवर सोडता!" हशा ओसरल्यावर ती गंभीर झाली. "रशियन चेकॉव्हची ‘कुत्रेवाली बाई’ ही कथा बघा, १८९९ ची. ती बाई आणि तिचा प्रियकर गुरोव्ह, दोघांचीही लग्नं दुसरीकडे झालेली. सगळ्यात अवघड भाग आत्ता कुठे सुरू होतोय, एवढं सांगून चेकॉव्ह थांबतो. पण बायकांना हलक्या जातीच्या म्हणणारा गुरोव्ह केस पिकल्यावर आयुष्यात पहिल्यांदा खरा प्रेमात पडलाय. माणूस पुरता बदललाय, मग पुढचं नाही सांगितलं तरी चालतं. काहीच न घडवता पेन खाली ठेवणं वेगळं."

"तू कॉलेजच्या अंकात माझ्या कथेचा शेवट कापलास, ते मी विसरलेलो नाही," बंड्याने जुनं उकरून काढलं.

"शेवट? तीन होते! खुनी माळी निघाला, मग माळी जुळा निघाला, मग जुळा पोलीस निघाला."

नाना कळवळून म्हणाले, "अरे, पण मग बागेला पाणी कोण घालत होतं?"

पुढे कुणालाच बोलता येईना. बंड्यासुद्धा पोट धरून हसत होता.