उरलेला वेळ कोणासाठी?

चौथ्या टप्प्यातील, म्हणजे शरीरात इतरत्र पसरलेला कर्करोग झालेल्या आईने उरलेला सर्व वेळ मुलांनाच द्यावा, असे मत एका लेखात वाचले; ते मला पटले नाही. अमेरिकी राजकारणी जॉन एडवर्ड्स यांच्या पत्नी एलिझाबेथ एडवर्ड्स यांचा स्तनाचा कर्करोग हाडांपर्यंत पसरल्याचे मार्च २००७ मध्ये जाहीर झाले, तेव्हा त्यांची धाकटी दोन मुले दहा वर्षांचीही नव्हती. तरीही पतीच्या अध्यक्षपदाच्या प्रचारातून माघार न घेण्याचे दोघांनी ठरवले आणि त्यावर अमेरिकेत बरीच टीका झाली. (आजारपणातही काम न सोडणाऱ्या पुरुषाला आपण सहसा लढवय्या म्हणतो, हे जाता जाता नोंदवते.) कुटुंबाचे मोल एलिझाबेथ यांना ठाऊक नव्हते, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल, कारण १९९६ मध्ये त्यांनी सोळा वर्षांचा मुलगा अपघातात गमावला होता. शिवाय या टप्प्यावर आजार सहसा पूर्ण बरा होत नसला, तरी औषधांनी तो काही वेळा अनेक वर्षे आटोक्यात ठेवता येतो. एलिझाबेथ यांचे निधन डिसेंबर २०१० मध्ये झाले. मधल्या काळात त्या आरोग्यविम्याच्या प्रश्नावर जाहीरपणे बोलत राहिल्या, आणि मुलांना वाढवणेही चालूच होते.