म्हणे ते आपल्या मंडळीत कधी पाळकच नव्हते

आमच्या मेथडिस्ट मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, उपासनेनंतरच्या मीटिंगमधून आत्ताच घरी आलेय. डोकं तापलंय, त्यामुळं शब्द कमीजास्त झाला तर समजून घ्या.

कमिटीनं वर्षाचं बजेट मांडलं. नवीन साउंड सिस्टीम, सगळ्यांचे हात वर. कंपाउंडला रंग, हात वर. मग निवृत्त पाळकांच्या, म्हणजे पास्टरांच्या, फंडातला आपला वाटा आला आणि एक गृहस्थ उठले. म्हणाले, "यादीतले निम्मे लोक आपल्या मंडळीत कधी पाळकच नव्हते. त्यांचं आपण कशाला बघायचं?" चारपाच माना डोलल्यासुद्धा. बेळगाव शहरातल्या, महिन्याच्या एक तारखेला पगार घेणाऱ्या माना!

त्या यादीत आमच्या पाळकसाहेबांचं नाव होतं.

माझं माहेर खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या बाजूला. तिथली आमची मंडळी म्हणजे अकरा घरं. बाबा गेले ते जुलैत. तिकडचा जुलै ज्यांनी काढलाय त्यांना सांगायला नको. ओढा भरलेला, बस बंद. पाळकसाहेब सायकल खांद्यावर घेऊन ओढा उतरून आले. कोटातनं पाणी गळत होतं. आईनं बाबांचं घोंगडं त्यांच्या अंगावर घातलं आणि ते घोंगडं पांघरूनच त्यांनी बाबांना माती दिली. जाताना आईनं काय दिलं? चार शेर तांदूळ. तेवढंच होतं घरात.

आता मला सांगा, या माणसाचं म्हातारपण कुणी बघायचं? त्या अकरा घरांनी?

पाळक आपलं गाव आपण निवडत नाही. कॉन्फरन्समध्ये, म्हणजे सगळ्या मंडळ्यांच्या वार्षिक सभेत, नेमणुका वाचून दाखवतात आणि त्यानं सामान टेम्पोत भरायचं. खानापूर झालं की गोकाक, मग आणखी कुठंतरी. राहायचं पाळकगृहात, म्हणजे निवृत्तीबरोबर किल्लीही गेली. म्हणून तर प्रत्येक मंडळीनं आपापल्या जमेच्या मानानं वाटा भरायचा आणि तो एका ठिकाणी जमवून सगळ्या म्हाताऱ्या पाळकांना, त्यांच्या विधवांना द्यायचा. ही काय कालची टूम नाही. १७६३ साली मेथडिस्ट चळवळ सुरू करणाऱ्या जॉन वेस्लींच्या कॉन्फरन्समध्ये थकलेल्या प्रचारकांचा प्रश्न निघाला तेव्हा प्रत्येक फिरत्या प्रचारकानं वर्षाला ठरावीक रक्कम घालायची असं ठरलं. गरीब प्रचारकांनी आपल्याच खिशातनं! आणि आपल्याला साउंड सिस्टीम सोडवत नाही.

"त्यांना मुलं आहेत की," असंही कुणीतरी म्हणालं. आहेत. पाळकसाहेबांचा थोरला चौथीपर्यंत मराठी शाळेत होता. बापाची बदली झाली आणि पोराला कन्नड शाळेत बसवलं. दोन वर्षं वाया गेली त्याची. आपल्या भागात भाषा बदलणं म्हणजे काय ते तुम्हाआम्हाला ठाऊक आहे. ती बदली पोरानं मागितली होती का?

फंडाचा हिशेब वेळेवर येत नाही असंही म्हणता, ते खरं आहे. मागू या की हिशेब, मीही सही करते. पण तोवर औषधांचं दुकान उधारी देत नाही.

आणि "आपल्या मंडळीत नव्हते" हे बोलताना जीभ कशी रेटते हो? १८२० साली मिशनरी जोसेफ टेलर बेळगावात आले ते लंडन मिशनच्या खर्चानं. १९०४ मध्ये ते काम मेथडिस्टांकडे गेलं, तेव्हाही पैसा समुद्रापलीकडनंच येत होता. तिकडच्या कुठल्यातरी म्हातारीनं दानपेटीत नाणं टाकताना विचारलं असेल का, की हे बेळगाववाले आमच्या मंडळीत कधी होते? ती विचारत बसली असती तर आपण आज कुठल्या बाकावर बसलो असतो?

थोडा वेळ थांबून पुन्हा लिहितेय. बोलणारे गृहस्थ वाईट नाहीत. कोविडमध्ये याच माणसानं आमच्या गल्लीत घरोघरी किराणा पोचवला होता, पावती न मागता. समोर दिसलेल्याला ते देतात. यादीतलं नाव त्यांना दिसत नाही, एवढंच. मला मात्र त्या नावाच्या जागी ओला कोट दिसतो.

गेल्या महिन्यात पाळकसाहेबांना भेटून आले. शहराबाहेर भाड्याच्या दोन खोल्या. त्यांनी आमच्या अकरा घरांतल्या एकेकाचं नाव घेऊन विचारपूस केली, माझ्या धाकट्या चुलत्याच्या म्हशीसकट. पाळकबाई मला दारापर्यंत सोडायला आल्या आणि हळूच म्हणाल्या, "बीपीची गोळी एक दिवसाआड घेतात गं. मी सांगून दमले."

हे सगळं मला आज मीटिंगमध्ये उठून सांगायचं होतं. घसा दाटला आणि मी खाली मान घालून बसले.

विषय पुढच्या रविवारी पुन्हा घेणार आहेत, उपासना सुटल्यावर लगेच. मी पुढच्या बाकावर बसतेय. जेवणाची घाई करून कुणी निघून जाऊ नका.