पितृत्व रजेचा ठराव कसा जिरवावा

नगरसेवक झालात, अभिनंदन! मार्च २०२२ मध्ये ठाण्याच्या जुन्या नगरसेवकांची मुदत संपली आणि पाचपाखाडीच्या मुख्यालयात प्रशासकांचं राज्य आलं. त्यामुळे चांगला ठराव कसा जिरवायचा, ही कला शहर विसरलं असण्याची भीती आहे. म्हणून हा शिकवणीवर्ग. फी नाही.

समजा, विषयपत्रिकेवर आलं : पालिकेच्या पुरुष कर्मचाऱ्यांना पगारी पितृत्व रजा देणे. घाबरू नका आणि विरोध तर मुळीच करू नका. विरोध करणाऱ्याचा फोटो छापून येतो, तोही तोंड उघडं असलेला. तुम्ही उठायचं, विषयाचं मनापासून स्वागत करायचं आणि मग ‘परंतु’ म्हणून पाण्याचा घोट घ्यायचा. परंतुनंतर आस्थापना खर्च. हे दोन शब्द उच्चारले की मागच्या बाकावरचेही माना डोलावतात.

धोका एकच, कुणी हिशेब मांडला तर. केंद्राच्या कर्मचाऱ्याला १५ दिवस मिळतात, तेही दोन मुलांपर्यंतच. म्हणजे तीसेक वर्षांच्या नोकरीत फार तर ३० दिवस. हे गणित इतिवृत्तात जाता कामा नये. ताबडतोब नागरिकांच्या गैरसोयीवर या. बाप घरी बसला तर दाखले कोण देणार? खिडकीवर आत्ता जे उत्तर मिळतं, ‘साहेब साइटवर गेलेत’, ती रजा नव्हे, हे जाता जाता स्पष्ट केलेलं बरं.

एखादी नगरसेविका म्हणेल, बाईला १८० दिवस आणि बापाला काहीच कसं नाही? इथे संस्कृती काढा. आपल्याकडे बाळंतीण माहेरी जाते, आई असते, मावशी असते, बाप तिथे फक्त अडचण करतो. माहेर डोंबिवलीच्या वन बीएचकेत आहे आणि आई स्वतःच गुडघ्याच्या ऑपरेशनच्या तारखेची वाट बघतेय, हा तपशील कामकाजाशी संबंधित नाही. तरीही ऐकलं नाही तर हिरकणी! बाळासाठी रायगडाचा कडा उतरणाऱ्या त्या माउलीने कुणाकडे रजेचा अर्ज केला होता? टाळ्या हमखास. दूध विकायला गेली नसती तर कडा उतरावाच लागला नसता, असं कुणी पुटपुटलं तर ते इतिहासाचा अपमान म्हणून कामकाजातून काढून टाकायची मागणी करा. शिवाय बाळाला दूध पाजायला तिच्या नावाचा कक्ष आपण दिलाच आहे की. मी एका सरकारी कचेरीत पाहिला. दारावर गुलाबी पाटी, आत झेरॉक्सच्या कागदाची खोकी, एक पाय मोडलेली खुर्ची आणि गेल्या वर्षीच्या जयंतीचं बॅनर. किल्ली शिपायाकडे, शिपाई चहाला.

सफाई कामगारांचा विषय निघाला तर छाती पुढे काढा. लाड-पागे समितीच्या शिफारशींमुळे त्यांच्या वारसाला नोकरीचा हक्क आहे. बापाचा झाडू पोराला मिळण्याची सोय पक्की असताना, ते पोर जन्मल्यावर बापाने त्याच्याजवळ थांबायची काय गरज?

आता कंत्राटी बायका. इथे तर सगळ्यात सोपं. घंटागाडीमागे चालणारी बाई आपली नाहीच, ठेकेदाराची. सुप्रीम कोर्टाने २००० साली दिल्ली महापालिकेच्या खटल्यात, हंगामी हजेरीपटावरच्या बायकांनाही १९६१ च्या प्रसूती लाभ कायद्याचा फायदा द्या, असं सांगितलंय. त्यावर ‘ती दिल्ली, हे ठाणं’ एवढं पुरतं. कायद्याने १२ महिन्यांत ८० दिवस काम भरलेलं लागतं ना? मग मधेच ठेकेदार बदला आणि हजेरी नव्या वहीत पहिल्या दिवसापासून मांडा. पोट नव्याने सुरू होत नाही, पण ते वहीत दिसत नाही.

एवढं करूनही ठराव शिल्लक राहिलाच, तर समिती नेमा. सातही सदस्य पुरुष असले तरी चालेल, विषय बापांचाच आहे. समितीला अभ्यासदौरा लागेल. पोरांच्या सुट्टीत काढा, म्हणजे सहकुटुंब जाता येईल. दौरा पंधरा दिवसांचा, भत्त्यासह.