एफ.लक्समध्ये आधी उठण्याची वेळ तपासा

एफ.लक्स हे सूर्यास्तानंतर स्क्रीनचा रंग नारिंगीकडे झुकवणारं सॉफ्टवेअर. त्यावरच्या लेखातलं ‘एफ.लक्स बसवा आणि विसरून जा’ हे वाक्य पटलं नाही. त्यात टाकलेलं ठिकाण थोडं चुकलं तर फारसं बिघडत नाही. पणजीऐवजी मुंबई दिसली तरी सूर्यास्तात फरक काही मिनिटांचाच. खरी गोम आहे त्यात भरलेल्या उठण्याच्या वेळेत. झोपेच्या वेळचा १९०० केल्विनचा (केल्विन म्हणजे रंगाच्या तापमानाचं एकक) गडद नारिंगी रंग त्या वेळेवरून मागे मोजून लागतो. ती सकाळी ७ ठेवली तर कळंगुटच्या हॉटेलात रात्रपाळी करणाऱ्याचा स्क्रीन ऐन कामात नारिंगी होणारच. त्याने उठण्याची वेळ बदलावी, नाहीतर ‘वर्किंग लेट’ (उशिरापर्यंत काम करणाऱ्यांसाठीचा तयार पर्याय) निवडावं. ‘फार फ्रॉम द इक्वेटर’ (विषुववृत्तापासून दूर राहणाऱ्यांसाठीचा पर्याय) याच्या वाटेला मात्र जाऊ नये. आपण गोव्यात १५ अंश अक्षांशावर, वर्षभरात सूर्यास्त जेमतेम सव्वा तास इकडेतिकडे सरकतो.

दुसरं, विंडोजचं नाईट लाईट, म्हणजे स्क्रीन तसाच नारिंगी करणारी त्याची स्वतःची सोय, आधी बंद करा. दोन्ही चालू राहिली तर रंगावर रंग चढतो. जत्रेचे बॅनर, लग्नपत्रिका करणाऱ्यांनी एफ.लक्सच्या ‘डिसेबल’ मेनूतून फक्त डिझाइनच्या प्रोग्रामपुरतं एफ.लक्स थांबवावं. स्क्रीनशॉटमध्ये हा नारिंगीपणा येत नाही, त्यामुळे रंग डोळ्यांना चुकीचा दिसतोय हे लक्षातच येत नाही आणि छापून आल्यावर निळा भलताच निघतो.