ब्राइटची पानगळ आणि आपल्याकडची धबधबाबंदी

पाऊस सुरू झाला की आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दरवर्षी एकच वाद पेटतो, तो म्हणजे धबधब्यांवरच्या बंदीचा. कुठल्यातरी जिल्ह्याच्या कलेक्टरांनी आदेश काढलेला असतो, पूर्वीचं कलम 144, आता त्याला नवीन कायद्यातलं 163 म्हणतात, आणि मग काका लिहितात की बरोबर केलं, लोकांना अक्कल नाही, कड्यावर उभं राहून सेल्फी काढतात. माझा मामेभाऊ पुण्यात असतो, कॉलेजपासून ट्रेक करतो, तो चिडून लिहितो की मग आम्ही पावसाळाभर मॉलमध्ये फिरायचं का. आणि मग कुणीतरी हमखास टाकतं की तिकडे परदेशात बघा लोक कसे शिस्तीत असतात, काय गं, खरं ना? हे मला उद्देशून असतं, कारण मी मेलबर्नला राहते. ग्रुपवर दोन ओळीत याचं उत्तर देता येत नाही म्हणून इथे सविस्तर लिहितेय.

वाद उगाच होत नाही हे आधी सांगते. 30 जून 2024 ला लोणावळ्याच्या भुशी डॅमच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले, त्यात लहान मुलं होती, आणि तो व्हिडिओ आपल्यापैकी बहुतेकांनी बघितलाय. पुढच्या वर्षी 15 जूनला पुण्याजवळच्या कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल माणसांच्या भाराने कोसळला, चार जण गेले, पन्नासहून जास्त जखमी. अशा बातम्या वाचून हजारो किलोमीटरवर बसलेल्या माणसाचा पण जीव खालीवर होतो, कारण मामेभाऊ त्या रविवारी कुठे गेलाय ते आपल्याला माहीत नसतं.

कुंडमळ्याच्या आधी दोनेक महिने, एप्रिलमध्ये, म्हणजे इथल्या पानगळीच्या दिवसांत, आम्ही ब्राइटला गेलो होतो. त्या वर्षी अँझॅक डे, म्हणजे युद्धात गेलेल्या सैनिकांच्या स्मरणाची इथली सुट्टी, शुक्रवारी आला, लाँग वीकेंड मिळाला, आई-बाबा साताऱ्याहून आलेले होते, मुलांना शाळा नव्हती, मग डबे भरले आणि निघालो. ब्राइट हे आमच्या व्हिक्टोरिया राज्याच्या ईशान्येला ऑस्ट्रेलियन आल्प्सच्या पायथ्याशी अडीच-तीन हजार वस्तीचं गाव, मेलबर्नपासून साधारण सव्वातीनशे किलोमीटर. ह्यूम फ्रीवेने सेमूर, युरोआ, बेनाला, मग ग्लेनरोवन जिथे 1880 मध्ये नेड केली हा दरोडेखोर पकडला गेला, आणि वँगरॅट्टाच्या अलीकडे उजवीकडे वळून ग्रेट अल्पाइन रोड. युरोआला थांबून बागेत बसून धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. आईने आदल्या दिवशी एकच गोष्ट विचारली होती, वाटेत बाथरूमची सोय आहे का, कारण आपल्याकडे गाडीने लांब जायचं म्हटलं की ती सकाळपासून पाणी प्यायचं बंद करते. अख्ख्या प्रवासात तिला पाणी मोजून प्यावं लागलं नाही. प्रत्येक गावात फुकट, स्वच्छ टॉयलेट, कागदासकट. बंदीच्या वादात हा मुद्दा कुणीच काढत नाही पण माझ्या मते तिथूनच सुरुवात व्हायला हवी. आपल्या किल्ल्यांवर, धबधब्यांवर बायकांनी जायचं कुठे? पायथ्याच्या गावात एखाद्या मावशींच्या घरी विनंती करायची, नाहीतर आडोसा शोधायचा, आणि हे सगळं निमूट चाललंय.

मार्टलफर्ड मागे टाकलं की रस्ता ओव्हन्स नदीच्या खोऱ्यातून जातो. या भागात पूर्वी तंबाखूचे मळे होते, इटलीहून आलेल्या लोकांनी पिकवलेले, ते 2006 मध्ये बंद झाले. आता द्राक्षं, हॉप्स, चेस्टनट, अक्रोड. आणि ब्राइटमध्ये शिरताना पिवळा, केशरी, किरमिजी असा काही रंग अंगावर येतो की मागच्या सीटवरची भांडणं आपोआप थांबली. पॉपलर, एल्म, ओक, मेपल आणि तो गडद वाइनच्या रंगाचा क्लॅरेट अ‍ॅश, सगळी लावलेली झाडं. इथलं मूळ जंगल युकॅलिप्टसचं, ते पानगळ करतच नाही, त्यामुळे गाव सोनेरी आणि मागचा डोंगर राखाडी-हिरवा असं दिसतं. या रंगांवर गावाचं पोट आहे. पानगळीचा उत्सव भरतो, रस्त्यावर गाड्यांची रांग, पार्किंग मिळेना, बेकरीसमोर बाहेरपर्यंत लाइन. म्हणजे गर्दी इथेही असते, आणि सगळे शहाणेच असतात असं अजिबात नाही. नदीकाठी बिअरचे कॅन मी बघितलेत, आणि धबधब्याच्या ओल्या दगडावर चढणारी पोरंही.

गावातून निघणारा कॅनियन वॉक नदीच्या कडेकडेने जातो, सोन्याच्या खाणकामासाठी दगडात कोरलेले पाट अजून दिसतात. शेजारच्या वँडिलिगाँगला एक झुलता पूल आहे, चायनीज स्विंग ब्रिज म्हणतात, कारण या खोऱ्यात सोनं शोधायला हजारो चिनी मजूर आले होते. त्यांचं पुढे काय झालं हेही सांगायला हवं, 4 जुलै 1857 ला शेजारच्या बकलंड खोऱ्यात गोऱ्या खाणकामगारांनी त्यांच्यावर हल्ला करून त्यांना हुसकावून लावलं, तंबू जाळले, माणसं मेली. सुंदर गावाच्या इतिहासात हेही आहे, मुलांना आम्ही ते पुलावर उभं राहूनच सांगितलं. पूल अरुंद, पाय टाकला की हलतो. आमच्या पुढे एक कुटुंब मध्यावर होतं तर मागचे लोक आपसूक काठावर थांबले, आम्हीही थांबलो. कुंडमळ्याची बातमी आली तेव्हा मला पहिल्यांदा हेच आठवलं. तिथे धोक्याचा बोर्ड होता म्हणे. बोर्ड होता पण पूल उघडाच होता, आणि रविवारी तिथे उभं राहून "आता बास, आधी पुढचे उतरू देत" असं म्हणायला कुणाची ड्युटी नव्हती.

माझं सगळं म्हणणं या ड्युटीबद्दल आहे.

दुसऱ्या दिवशी माउंट बफेलोवर गेलो. हा नॅशनल पार्क, 1898 पासून राखलेला, आत जायला तिकीट नाही. वाटेत रस्त्याच्या कडेला तो अर्धगोल बोर्ड, आगीच्या धोक्याचा, चार रंगांचे भाग आणि एक सुई. हिरवा म्हणजे मॉडरेट, मग पिवळा, केशरी आणि शेवटचा गडद लाल म्हणजे कॅटॅस्ट्रॉफिक. आम्ही गेलो तेव्हा सुई हिरव्यात होती. धाकट्याने विचारलं लालमध्ये गेली तर काय, तर लालमध्ये गेली की त्या दिवशी पार्क बंद, कुणालाच प्रवेश नाही, आणि दुसऱ्या दिवशी हवा निवळली की परत उघडतात. जानेवारी 2020 मध्ये तर वणव्यामुळे ब्राइटमधल्या टुरिस्टांना ऐन सुट्टीच्या हंगामात गाव सोडून जायला सांगितलं होतं, गावाचं केवढं नुकसान झालं असेल, पण सांगितलं.

म्हणजे बंदी इथेही आहे आणि कडक आहे. फरक एवढाच की ती त्या दिवसाच्या हवेला बांधलेली असते. आपल्याकडे आदेश निघतो तो महिना-दोन महिन्यांचा, सरसकट. त्या काळात चार दिवस लख्ख ऊन पडलं तरी बंदी, आणि लोकांना हे कळतं की ऊन आहे, धबधबा शांत आहे, मग ते आदेश मोडून जातात, आणि एकदा मोडायची सवय लागली की ज्या दिवशी वरच्या अंगाला ढग फुटतो त्या दिवशीही ते तिथेच असतात. सरसकट बंदीने लोकांचा बंदीवरचा विश्वासच जातो. काकांना मी हेच सांगते, अक्कल नाही म्हणून सोडून देऊ नका, खरा धोका कुठल्या दिवशी आहे हे लोकांना कळेल अशी काही सोय आपण ठेवलीय का ते बघा.

यूरोबिन फॉल्सच्या सुरुवातीला जो बोर्ड आहे तो बाबांनी चष्मा लावून पूर्ण वाचला. अंतर किती, वेळ किती, चढ किती, पायऱ्या आहेत का, आणि ट्रॅकची ग्रेड. एक ते पाच अशा ग्रेड असतात, एक म्हणजे व्हीलचेअर जाईल असा, पाच म्हणजे फक्त अनुभवी लोकांसाठी. ते वाचून बाबांनी आईला सांगितलं तू पहिल्या धबधब्यापर्यंत चल, पुढे गुडघ्याला झेपणार नाही. बहात्तर वर्षांच्या माणसाने अनोळखी देशात, अनोळखी डोंगरावर, कुणाला न विचारता हा निर्णय घेतला. शरदात पाणी फार नव्हतं, ग्रॅनाइटच्या गुळगुळीत उतारावरून पातळ पदर सांडल्यासारखं वाहत होतं, आई खालच्या बाकावर खुशीत बसली.

मग गाडीने वर गेलो द हॉर्नला, बफेलोचं सगळ्यात उंच टोक, 1723 मीटर. आपलं कळसूबाई 1646. उंचीत जेमतेम फरक, पण इथे गाडी जवळपास वरपर्यंत जाते, शेवटचा थोडासा चढ चालायचा, कठडे आहेत. कळसूबाईला बारी गावातून अख्खा डोंगर चढायचा, वर लोखंडी शिड्या, आणि पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी त्या शिड्यांवर माणसाला माणूस चिकटलेला. मला कळसूबाईला रस्ता नकोय, कठड्यांचीही गरज नाही, चढायची ती मजा तशीच राहू दे. पण पायथ्याला एक माणूस हवा जो म्हणेल वर आत्ता गर्दी आहे, अर्धा तास थांबा, चहा घ्या.

इथे मामेभाऊ म्हणतो, ताई, तिथे बसून हे बोलणं सोपं आहे. त्याचा मुद्दा खरा आहे. अख्ख्या व्हिक्टोरियाची लोकसंख्या सत्तर लाखांच्या आसपास, आपल्या राज्याची 2011 च्या जनगणनेतच सव्वाअकरा कोटी. लोणावळा मुंबई आणि पुणे दोन्हींपासून दोनेक तासांवर, लोकल येते. मोकळ्या बागा नसलेल्या शहरातल्या तरुण पोरांना रविवारी शंभर-दोनशे रुपयांत भिजायला मिळतं ते तिथेच. ब्राइटला आम्ही दोन रात्रींच्या घराला जे भाडं दिलं त्याचे आकडे मी आईला सांगितले नाहीत. आणि सुट्टीच्या भाड्यांमुळे तिथे कॅफेत काम करणाऱ्यांनाच राहायला घरं मिळत नाहीत अशी परिस्थिती आहे, म्हणजे त्या टुरिझमची किंमतही कुणीतरी मोजतंय. त्यामुळे हे सगळं उचलून तसंच्या तसं घाटात आणा असं मी म्हणणारच नाही.

पण बाबा त्या रात्री जे बोलले ते मला पटलं. शेकोटी पेटवलेली, बाहेर कडाक्याची थंडी, भाजलेले चेस्टनट सोलता सोलता म्हणाले, "एवढं काय कौतुक, आपल्या कासला हेच चाललंय की." आणि खरंच आहे. कास पठार 2012 मध्ये पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशात गेलं, त्या आधीपासून फुलं तुडवली जात होती, मग काय केलं? बंदी नाही घातली. आजूबाजूच्या गावांची संयुक्त वन व्यवस्थापन समिती, फुलांच्या हंगामात शुल्क, ऑनलाइन बुकिंग, दिवसाला किती लोक याची मर्यादा, आणि गावातलीच पोरं उभी राहून सांगतात की इथे बसू नका, पायवाट सोडू नका. कुंपण असावं की नको यावर तिथे बरीच भांडणं झाली, अडचणी अजूनही आहेत, पण साताऱ्यातल्या गावांनी ते करून दाखवलंय, आणि ते शिकायला कुणाला ऑस्ट्रेलियाचं तिकीट काढावं लागलं नाही.

मग भुशीला का नाही, देवकुंडला का नाही? हे तर असे धबधबे आहेत जिथे पावसाळ्याच्या तीन महिन्यांत गावाची वर्षाची कमाई होते, भाजलेली कणसं, पिठलं-भाकरी, पार्किंग, वाटाड्या. बंदी आली की पहिला फटका त्यांनाच, आणि शहरातला माणूस दुसरीकडे जातो, जिथे बंदी नाही आणि वाटही माहीत नाही. तिथल्याच दहा-बारा पोरापोरींना हंगामापुरता पगार द्या, हवामान खात्याचा इशारा आणि वरच्या धरणातला विसर्ग यांची माहिती त्यांच्या फोनवर थेट जाऊ द्या, आणि आज बंद, उद्या चालू हे ठरवायचा अधिकार त्यांच्या समितीला द्या. पोलीस मदतीला असावेत, पण दरी त्या पोरांनाच पाठ असते.

आणखी एक, जे मला सगळ्यात जास्त टोचतं. व्हिक्टोरियात जंगलात माणूस हरवला की पोलिसांबरोबर बुश सर्च अँड रेस्क्यूचे स्वयंसेवक जातात, आग लागली की सीएफए, म्हणजे इथलं ग्रामीण भागातलं अग्निशमन दल, त्यातही बहुतेक स्वयंसेवकच. आपल्याकडे लोणावळ्याचे शिवदुर्ग मित्र आहेत, महाबळेश्वर ट्रेकर्स आहेत, रात्री-अपरात्री, धो-धो पावसात, आपली नोकरीधंदा सांभाळून दरीत दोर सोडतात आणि पुष्कळदा मृतदेह वर काढतात. ही मंडळी कुठेही कमी नाहीत. त्यांच्या विम्याचं, सामानाचं, ट्रेनिंगचं काय, हा प्रश्न ग्रुपवर कधी येत नाही, आपण फक्त व्हिडिओ फॉरवर्ड करतो आणि हात जोडल्याच्या इमोजी टाकतो.

मामेभाऊ आणि त्याचे मित्र आता मावळातल्या दोन ग्रामपंचायतींना पत्र देणार आहेत, मे महिन्यात, म्हणजे आदेश निघायच्या आधी. पायथ्याला बायकांसाठी टॉयलेट, वाटेच्या तोंडाशी ग्रेडसह माहितीचा मराठी बोर्ड, आणि रोजच्या रोज उघड-बंद ठरवणारी गावची समिती, एवढंच मागितलंय. यूरोबिनच्या बोर्डाचा फोटो मी पाठवला, बाबांनी कासच्या समितीत ओळखीच्या माणसाला फोन लावून दिलाय, आणि काकांनी पण सही करायचं कबूल केलंय, फक्त दारूवर दंडाचा एक मुद्दा त्यात घाला म्हणाले. तो घातलाय.