खुलासा: ते चित्र प्रोमिथियसचे नाही आणि शाईचेही नाही

खडकावर जखडलेला पुरुष आणि त्याच्यावर झेपावलेला प्रचंड पक्षी अशा रेखाटनाचे छायाचित्र ‘मायकेलअँजेलोने शाईने काढलेला प्रोमिथियस’ या ओळीसह सध्या पुढे पाठवले जात आहे. त्यातील दोन्ही विधाने चुकीची आहेत.

इंग्लंडच्या राजसंग्रहात, विंडसर येथे असलेले हे रेखाटन सुमारे 1532 मधले असून ते काळ्या खडूने केलेले आहे. अंगावरील मृदू छायाही खडूच्याच आहेत. ग्रीक कथेत प्रोमिथियसचे यकृत गरुड खातो, तर लेटो या देवीवर हात टाकणाऱ्या टिटियस या राक्षसाला पाताळात गिधाडांची शिक्षा भोगावी लागते. येथील पक्षी गरुडासारखा दिसत असल्याने गफलत होणे अगदी स्वाभाविक आहे. मात्र मायकेलअँजेलोचा समकालीन चरित्रकार वासारी याने, मायकेलअँजेलोने तोम्मासो काव्हालिएरी या तरुण मित्राला भेट दिलेल्या रेखाटनांत ‘टिटियस’चेच नाव नोंदवले आहे. याच कागदाच्या मागील बाजूस मायकेलअँजेलोने ती आकृती गिरवून, उभी फिरवून, तिचा पुनरुत्थित ख्रिस्त केला, ही गोष्ट मला सर्वांत विलक्षण वाटते.

शाईतील ग्रीक कथाच पाहायची असेल, तर जर्मन चित्रकार ड्यूररचे 1494 चे ‘ऑर्फियसचा मृत्यू’ हे हॅम्बुर्गमधील रेखाटन पाहावे. चुकीच्या ओळीचा संदेश कृपया पुढे पाठवू नये, आणि आधी पाठवला असल्यास त्याच गटात ही दुरुस्ती द्यावी.